मुंबईची संग्रहालये पाहावीत, पण वयाच्या क्रमाने

१/ मुंबईतील पहिल्या सरकारी संग्रहालयाचे आयुष्य फार थोडे ठरले. १८५५च्या सुमारास फोर्टातील टाउन बराकीत हा संग्रह आकाराला येऊ लागला. १८५७ साली उठावाची धामधूम सुरू झाली, लष्कराला बराकींची जागा हवी झाली आणि संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला. त्यात पुष्कळ वस्तूंची नासधूस झाली. ज्या राज्यसत्तेने संग्रह उभारला, तिच्याच सैन्याने तो मोडला. मुंबईच्या संग्रहालयांची कहाणी येथून सुरू होते. #इतिहास #मुंबई

२/ एका दिवसात मुंबईची कलादालने व संग्रहालये पाहू इच्छिणारा तरुण बहुधा काळा घोड्याला उतरतो. तेथे सारे हाकेच्या अंतरावर आहे. दुपारपर्यंत तीन इमारती 'होतात' आणि संध्याकाळी छायाचित्रांखेरीज हाती फारसे काही उरत नाही. दोष पाहणाऱ्याच्या उत्साहाचा नाही, क्रमाचा आहे. ही संग्रहालये अंतराच्या नव्हे, वयाच्या क्रमाने पाहावीत, हे या सूत्राचे प्रतिपादन आहे.

३/ क्रम असा : भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय (१८७२), छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय (१९२२), जहांगीर कलादालन (१९५२) आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय (१९९६). सव्वाशे वर्षांत उभ्या राहिलेल्या या चार वास्तू एकाच प्रश्नाला चार उत्तरे देतात. वस्तू जपायच्या कशासाठी, आणि कोणासाठी? हा प्रश्न सोबत घेतला की दिवसभराच्या भटकंतीला धागा मिळतो.

४/ प्रथम भायखळा. स्थानकाच्या पूर्वेला राणीची बाग आहे आणि तिच्या दाराशीच हे संग्रहालय. बहुतेक मुंबईकर येथे लहानपणी वाघ-हत्ती पाहायला आलेले असतात. शेजारच्या इमारतीत पाऊल टाकलेले फार थोडे. बुधवारी बाग व संग्रहालय दोन्ही बंद असतात, हे ध्यानात ठेवून दिवस निवडावा.

५/ १८५७ नंतर मोडका संग्रह सावरण्याचे काम डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्याकडे आले आणि उरलेल्या वस्तू टाउन हॉलमध्ये हलवल्या गेल्या. १८५८च्या अखेरीस नागरिकांनी ठरवले की, राणीच्या नावाने नवे संग्रहालय व उद्यान उभारावे. या कामी पुढाकार घेणाऱ्यांत दोन मराठी नावे ठळक आहेत : नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी. डेव्हिड ससून यांच्यासारख्या धनिकांनीही हात सैल सोडला.

६/ हा निव्वळ राजनिष्ठेचा देखावा होता काय? काही अंशी होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. उठाव नुकताच चिरडला गेला होता आणि राणीचे नाव हा सुरक्षित आसरा होता. परंतु त्या नावाच्या आडोशाने शहरातील एतद्देशीय मंडळींनी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. ज्या संस्थेत सामान्य माणसाला प्रवेश आहे, अशी ज्ञानाची वास्तू वर्गणीतून उभी राहू लागली.

७/ पायाचा दगड १८६२ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रीयर यांच्या हस्ते बसला. ते दिवस कापसाच्या सुबत्तेचे होते. अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ साली यादवी संपली आणि बाजार कोसळला. शेअरबाजारात मोठमोठी घराणी बुडाली, बांधकाम अडले. शेवटी ते सरकारला हाती घ्यावे लागले.

८/ नाना शंकरशेट १८६५ सालीच निवर्तले. आपण ज्यासाठी खटपट केली ती वास्तू पूर्ण झालेली त्यांनी पाहिली नाही. संग्रहालय लोकांसाठी खुले झाले ते १८७२ साली. भाऊ दाजींना मात्र ते पाहता आले. दोनच वर्षांनी, १८७४ साली, त्यांचाही अंत झाला. १९७५ साली या संग्रहालयाला त्यांचे नाव मिळाले. शंभर वर्षे उशिरा मिळालेला हा न्याय आहे.

९/ भाऊ दाजी मूळचे गोव्यातील पेडणे भागातल्या मांद्रे गावचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. दिवसा रुग्ण तपासावेत आणि उरलेल्या वेळात लेण्यांतील शिलालेख वाचावेत, असा त्यांचा क्रम. त्यांच्या या कामात भगवानलाल इंद्रजी हा जुनागढचा तरुण साहाय्यक होता. हे नाव वाचकाने लक्षात ठेवावे. दुपारी ते पुन्हा भेटेल.

१०/ आत शिरताच रंग डोळ्यांत भरतो. फिकट हिरव्या भिंती, सोनेरी नक्षी, बिडाचे कोरीव खांब, इंग्लंडहून आणलेल्या मिंटन फरशा आणि मधोमध प्रिन्स अल्बर्टचा पुतळा. ही इमारत विसाव्या शतकाच्या अखेरीस अगदी दुर्दशेत होती. महानगरपालिका, इनटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून तिचा जीर्णोद्धार केला. त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार लाभला आणि २००८ साली दालने पुन्हा उघडली.

११/ येथील वस्तू राजेरजवाड्यांच्या नाहीत. बिदरीकाम, हस्तिदंती कोरीवकाम, मातीची भांडी, मुंबईचे नकाशे आणि मातीच्या लहान लहान मूर्ती. निरनिराळ्या जातीजमाती, त्यांची पागोटी, त्यांचे धंदे. साम्राज्याला हवी होती ती याद : या देशात काय पिकते, काय घडते, कोण घडवतो आणि त्यातले काय विकता येईल. 'जपायचे कशासाठी' या प्रश्नाचे पहिले उत्तर व्यापार हे आहे.

१२/ तथापि या मूर्तींकडे आज पाहणाऱ्याला निराळेच काही दिसते. लोप पावलेली पागोटी बांधण्याची रीत, मोडीत निघालेले व्यवसाय, गिरण्यांपूर्वीचे शहर. ज्यांची गणती करण्यासाठी या मूर्ती घडल्या, त्यांच्याच वंशजांना आता त्या आपला इतिहास सांगतात. संग्रह करणाऱ्याचा हेतू वस्तूवर कायमचा बांधून राहत नाही. संग्रहालये टिकवण्याच्या बाजूने याहून बळकट युक्तिवाद सापडणे कठीण.

१३/ बाहेर आल्यावर बागेकडे वळण्यापूर्वी दगडी हत्तीपाशी थांबावे. हा घारापुरीचा हत्ती. याच्यामुळेच पोर्तुगिजांनी त्या बेटाला 'एलेफंटा' म्हटले. १८१४ साली त्याची मान व मस्तक कोसळले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला; उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आले आणि १९१४ साली पुन्हा जोडले गेले. एक यारी मोडली म्हणून हा हत्ती आज भायखळ्यात आहे. मोडलेल्या यारीचे आभार मानावेत असे प्रसंग इतिहासात थोडेच.

१४/ जवळच आणखी एक विस्थापित आहे : खुद्द काळा घोडा. प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढच्या सातव्या एडवर्डचा, हा अश्वारूढ पुतळा बोह्म या शिल्पकाराने घडवला. अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला आणि १८७९ साली तो उभा राहिला. १९६५ साली तो मूळ चौकातून हलवून राणीच्या बागेत आणला गेला. राजपुत्र गेला, घोडा गेला, पण चौकाचे नाव हलले नाही. २०१७ साली तेथे नवा घोडा बसवण्यात आला. त्यावर स्वार नाही.

१५/ पुतळे पाडावेत की ठेवावेत, यावर तरुणांत हिरिरीने वाद होतात. मुंबईने येथे मधला मार्ग काढला, असे दिसते. चौकातला मान काढून घेतला, वस्तू मात्र राखली. चौकात उभा असलेला राजा हुकमत सांगतो. बागेच्या कोपऱ्यात उभा असलेला राजा स्वतःच एक नमुना होतो. हा फरक दहा पानी लेखापेक्षा येथे पाच मिनिटांत उमगतो. म्हणूनही दिवस भायखळ्यापासून सुरू व्हावा.

१६/ लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून दक्षिणेकडे चालू लागण्याआधी मागे वळून एक नजर जे. जे. कला महाविद्यालयाकडे टाकावी. ही शाळा १८५७ सालची. जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली येथील एतद्देशीय विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. लेण्यांतील अंधारात, वर्षानुवर्षे.

१७/ त्या नकला लंडनला गेल्या आणि १८८५ सालच्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या अजिंठ्याच्या नकलांचीही १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत हीच गत झाली होती. मूळ चित्रे अजिंठ्यात राहिली. 'सुरक्षित' स्थळी नेलेल्या नकला जळाल्या. वस्तू परदेशी नेली म्हणूनच ती वाचली, असे सरसकट विधान जो करतो, त्याला हा इतिहास ठाऊक नसतो.

१८/ आता छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. १९०५ साली मुंबईच्या मान्यवरांनी सभा घेऊन ते उभारण्याचे ठरवले आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला प्रिन्स ऑफ वेल्सने, म्हणजे पुढच्या पाचव्या जॉर्जने, पायाचा दगड बसवला. आराखडा जॉर्ज विटेट यांचा. इमारत १९१४ साली सिद्ध झाली, पण महायुद्धात ती लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. संग्रहालय म्हणून दारे उघडली ती १० जानेवारी १९२२ रोजी.

१९/ १८५७ साली लष्कराने बराकींतून वस्तू बाहेर काढल्या. १९१४ नंतर वस्तूंच्या आधी सैनिकच आत आले. दोन्ही वेळा संग्रहालयाने वाट पाहिली. युद्ध, दुष्काळ, मंदी अशी कोणतीही निकड आली की पहिली गदा येते ती ज्या गोष्टीविना आज अडत नाही तिच्यावर. संग्रहालयाविना उद्या अडते, आणि उद्याचा वकील सभेत सहसा हजर नसतो.

२०/ इमारत पाहावी ती बाहेरून, सावकाश. कुर्ल्याचा निळसर काळा दगड, मालाडचा पिवळा दगड, विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देणारा घुमट. आत नाशिकच्या एका राजवाड्यातून विकत घेतलेल्या लाकडी कमानी. इंग्रज वास्तुविशारदाने आदिलशाही घुमट आणि मराठी वाडा एका छताखाली आणला. 'हिंदुस्थान म्हणजे या साऱ्या शैलींचा मालक आम्ही' असा त्यातला ध्वनी आहे. दगड मात्र कुर्ला-मालाडचे आहेत, हेही विसरू नये.

२१/ आतील शिल्पदालनात तीन मुक्काम पुरेत. पहिला, घारापुरीहून आलेली शिल्पे. सकाळी पाहिलेला हत्ती आणि ही शिल्पे एकाच बेटाची लेकरे. एक भायखळ्यात, दुसरी येथे, आणि उरलेले सारे समुद्रापलीकडच्या डोंगरात. दुसरा, ऐहोळेच्या देवळातील छताचे शिल्पपट. छतावरचे शिल्प मान वर करून पाहायचे असते. भिंतीला लावले की ते समोर येते. प्रेक्षकाला सोय होते, पण देवळातला भाव हरवतो. दोन्ही खरे आहे.

२२/ तिसरा मुक्काम परळच्या शिवाचा. १९३१ साली परळ भागात रस्त्याचे काम चालू असताना एकाच शिळेत कोरलेले हे भव्य शिल्प निघाले. एकातून एक उमलत जाणारे शिव, भोवती वाद्ये घेतलेले गण. काळ साधारण इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक. संग्रहालयात आहे ती त्याची प्रतिकृती. मूळ शिल्प परळच्या बारादेवी मंदिरात, पूजेत आहे.

२३/ अभ्यासक हळहळतील : असे अजोड शिल्प देवळाच्या गाभाऱ्यात, नीट प्रकाश नाही, जवळून पाहता येत नाही. श्रद्धाळू म्हणतील : देव आहे, तो देवळातच शोभतो. येथे एका बाजूने निकाल देण्याची घाई करू नये. वस्तू आणि तिची माणसे यांचे नाते जिवंत असेल, तर प्रतिकृती संग्रहालयात आणि मूळ माणसांत, ही मुंबईने केलेली वाटणी शहाणपणाची आहे. जेथे ते नाते तुटले, तेथे संग्रहालयाने पुढे यावे.

२४/ तुटलेल्या नात्याचे उदाहरण याच इमारतीत आहे. सिंधमधील मीरपूर खास येथील स्तूपातून हेन्री कझिन्स यांनी उत्खननात काढलेल्या पक्वमृदेच्या बुद्धमूर्ती येथे आहेत. त्या काळी सिंध मुंबई इलाख्यात होता, म्हणून त्या मुंबईस आल्या. पुढे फाळणी झाली. स्तूपाची जागा एका देशात, बुद्ध दुसऱ्या देशात. मूर्ती जागच्या हलल्या नाहीत. त्यांच्या पायाखालचा नकाशा हलला. फाळणीचे असे मूक साक्षीदार पाठ्यपुस्तकात भेटत नाहीत.

२५/ टाटा बंधूंनी, सर रतन आणि सर दोराबजी यांनी, आपले संग्रह या संस्थेला दिले. त्याआधी सेठ पुरुषोत्तम मावजी यांचा संग्रह विकत घेण्यात आला होता. त्यातला काही भाग एके काळी नाना फडणविसांच्या मालकीचा होता. पेशवाईचा मुत्सद्दी, गुजराती सेठ आणि पारशी उद्योजक यांच्या कपाटांतून फिरत एखादे लघुचित्र काचेमागे येऊन बसते. चित्रात काय रंगवले आहे इतकाच त्याचा इतिहास नसतो. ते कोणाकोणाच्या हातांतून गेले, हाही असतो.

२६/ आता सकाळचे नाव. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली नालासोपाऱ्याचा स्तूप उकलला. दगडी पेटीत करंडक, भोवती कांस्याच्या बुद्धमूर्ती. तो ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. त्यांनीच १८६९ साली शोधलेले मथुरेचे सिंहशीर्ष मात्र मृत्युपत्रान्वये ब्रिटिश म्युझियमला गेले. ते लुटून नेलेले नव्हे. एका भारतीय विद्वानाने स्वेच्छेने दिलेले.

२७/ भगवानलालांनी असे का केले असावे? त्यांचे निधन १८८८ सालचे. तेव्हा दक्षिण मुंबईतील या वास्तूचा विचारही कोणी केलेला नव्हता. मुंबईजवळ भायखळ्याचे संग्रहालय होते, पण त्याचा जीव कलाकौशल्यात व कारागिरीत होता. लेख, नाणी, पुरावस्तू यांचे घर आपल्याकडे उभे नसेल, तर विद्वानाने आपले धन कोणाच्या ओटीत घालावे? 'परत करा' ही मागणी अनेक वस्तूंबाबत न्याय्यच आहे. तिच्या जोडीला 'ठेवणार कोठे, पाहणार कोण' याचेही उत्तर तयार हवे.

२८/ वस्तुसंग्रहालयाच्या आवारालगतच जहांगीर कलादालन आहे. १९५२ साली सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून, त्यांच्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ ते उभे राहिले. उद्घाटन मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी केले. चित्रकार के. के. हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. येथे प्रवेशमूल्य नाही आणि कायमचा संग्रहही नाही. दर आठवड्याला भिंती नवी चित्रे मागतात.

२९/ येथे प्रश्नाचे तिसरे उत्तर मिळते. भायखळ्यात कारागीर अनामिक आहे; वस्तुसंग्रहालयात दात्याचे नाव आहे; जहांगीरमध्ये चित्रकार स्वतः चित्राशेजारी खुर्ची टाकून बसलेला असतो. ऐंशी वर्षांत घडलेला हा बदल केवढा मोठा आहे, ते वयाच्या क्रमाने आलेल्यालाच जाणवते. आधी काळा घोडा आणि मग भायखळा पाहणाऱ्याच्या हातून तो निसटतो. त्या चित्रकाराशी दोन शब्द बोलावेत. उद्याच्या इतिहासाशी आजच बोलण्याची संधी क्वचितच मिळते.

३०/ रस्ता ओलांडला की राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. मूळचा हा सर कावसजी जहांगीर हॉल, १९११ सालचा. रचनाकार पुन्हा विटेटच. सभा, मैफली, समारंभ यांनी हे सभागृह गाजलेले. १९९६ साली ते कलासंग्रहालय झाले. बाहेरचे कवच जुने आणि आत गोलाकार चढत जाणारी नवी दालने. सोमवारी ते बंद असते. बहुधा प्रदर्शने बदलती असतात, म्हणून अमुक चित्र दिसेलच असे धरून जाऊ नये.

३१/ पण येथे उभे राहून १९४७ आठवावे. त्या वर्षी सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. सूझा गोव्यातील साळगावचे. आरा घरकाम आणि मोटारी धुण्याचे काम करून चित्रे काढणारे. त्यांना आधार देणाऱ्यांत लँगहॅमर, श्लेसिंगर व फॉन लायडन हे नाझी छळामुळे युरोप सोडून मुंबईत आलेले लोक होते. 'भारतीय आधुनिक कला' ज्याला म्हणतात, तिची पाळेमुळे मुंबईच्या या सरमिसळीत आहेत.

३२/ व्यापार, साम्राज्य, कलावंत, राष्ट्र : चार वास्तूंची ही चार उत्तरे. प्रत्येक उत्तर आधीच्याला खोडून काढू पाहते, पण पुसून टाकत नाही. म्हणूनच शहराला चारही हवीत. एक जरी वजा केले, तरी उरलेली तिन्ही मुकी होतात.

३३/ पहिला आक्षेप : 'ही सारी इंग्रजांची देण आहे, गुलामीच्या खुणा कशाला मिरवायच्या?' उत्तर वर आलेच आहे. वर्गणी नानांची व ससूनची, विद्या भाऊ दाजींची व भगवानलालांची, संग्रह मावजींचा व टाटांचा, श्रम अनामिक कारागिरांचे. इंग्रजांच्या नावाची पाटी होती. ती १९७५ व १९९८ साली बदलली. या संस्था इंग्रजांच्या म्हणून सोडून देणे म्हणजे आपल्याच माणसांचे श्रेय त्यांना बहाल करणे होय.

३४/ दुसरा आक्षेप : 'सर्व काही मोबाईलवर दिसते.' दिसते, आणि उत्तम दिसते. काही वेळा काचेमागच्यापेक्षा स्पष्ट दिसते. परंतु पडद्यावर प्रत्येक वस्तू तळहाताएवढीच असते. परळचा शिव माणसाच्या दुपटीएवढा उंच आहे, हे मान वर केल्याखेरीज शरीराला कळत नाही. आणि एकाच बेटाची लेकरे शहरात कशी विखुरली, हे भायखळा ते काळा घोडा हे अंतर तुडवल्याखेरीज कळत नाही.

३५/ तिसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : 'कंटाळा येतो.' येणारच. हजारो वस्तू एका दिवसात पाहणे म्हणजे शब्दकोश पहिल्या पानापासून वाचणे. प्रत्येक वास्तूत तीन ते पाच वस्तू निवडाव्यात आणि प्रत्येकीपुढे पाच मिनिटे घालवावीत. मग पाटी वाचावी, आणि तिला तीन प्रश्न विचारावेत. वस्तू सापडली कोठे? येथे आणली कोणी? घडवली कोणी?

३६/ पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पाटीवर पुष्कळदा असतात. तिसऱ्याचे क्वचितच. जेथे ते नाही, तेथे वहीत नोंद करावी आणि संग्रहालयाच्या अभिप्राय पुस्तकात मराठीत लिहावे : या वस्तूच्या कर्त्याविषयी अधिक माहिती हवी. पाटीवर काय छापायचे, हे प्रेक्षक काय विचारतात यावरही ठरत असते. प्रेक्षक काहीच विचारत नसेल, तर पाटी पन्नास वर्षे तशीच राहते.

३७/ मुंबई दूर असणाऱ्यांनी हिरमुसून जाऊ नये. नागपूरचा 'अजब बंगला', म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ सालचा. औंधचे श्री भवानी संग्रहालय बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारले. पुण्यात दिनकर केळकरांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने दिवे, अडकित्ते आणि वाद्ये जमवली. व्यापारी साम्राज्य, रसिक संस्थानिक, शोकाकुल बाप : प्रत्येकाचे 'कशासाठी' निराळे. ते शोधायला एक दिवस पुरतो.

३८/ १८५७ साली बराकींतून संग्रह बाहेर निघाला तेव्हा तो अडवायला कोणी नव्हते, कारण त्याला अजून प्रेक्षकच नव्हता. पुढच्याच वर्षी वर्गणी जमू लागली ती प्रेक्षक निर्माण करण्यासाठी. संग्रहालयाचे खरे छप्पर प्रेक्षक हेच असते. घुमट, खांब, पहारेकरी हे सारे त्याच्या आधाराने उभे राहतात. सुट्टीच्या दिवशी भायखळ्याचे तिकीट काढणारा तरुण त्या छपराला एक कौल जोडत असतो. (समाप्त)